पाहिलेले, ऐकलेले, बदललेले : निसर्गपुस्तकांच्या परिचयपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून काम रीतसर सुरू झाले. निसर्ग, पर्यावरण आणि उघड्यावरचे जगणे या विषयांवरच्या लोकप्रिय पुस्तकांची एक परिचयपुस्तिका तयार करायची आहे. कुठल्या पुस्तकापाशी काय मिळेल आणि त्यातले काय तपासून घ्यावे लागेल, हे नव्या वाचकाला तिच्यातून कळावे, एवढाच तिचा हेतू आहे. आम्ही तिघे आहोत. निवड आणि टिपणे माझ्याकडे आहेत, शास्त्रीय तपासणी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे आहे, आणि मांडणी व मुद्रितशोधन आमच्या तरुण सहकाऱ्याकडे आहे. पहिल्या यादीत ३१ पुस्तके जमली आहेत. त्यांतली निम्मी तरी गाळावी लागतील.

प्रत्येक पुस्तकासाठी एक पत्रक करायचे ठरले आणि त्याचे तीन रकाने आजच आखले. लेखकाने स्वतः काय पाहिले, हा पहिला रकाना. त्याने काय ऐकले, वाचले किंवा मनाने जोडले, हा दुसरा. आणि पुस्तक निघाल्यानंतर त्या माहितीत काय बदलले, हा तिसरा. अशा पुस्तकांच्या परिचयांत बहुधा भाषेचे कौतुक असते आणि निसर्गाबद्दलची हळहळ असते, पण सांगितलेली गोष्ट लेखकाने कुठे उभे राहून, किती दिवस पाहिली, हे क्वचितच सांगितलेले आढळते. निसर्गाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते, त्यातले पुष्कळसे आपण अशाच पुस्तकांतून घेतलेले असते, म्हणून ही चौकशी मला अगत्याची वाटते.

९ जानेवारी

सुरुवात गिल्बर्ट व्हाइट यांच्यापासून केली. ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबर्न’ १७८९ मध्ये निघाले आणि तेव्हापासून ते छापले जात राहिले आहे. एका इंग्रज खेड्यातल्या या धर्मोपदेशकाने थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांचे ते पुस्तक आहे. त्यांतली काही पत्रे मात्र पुस्तकासाठीच लिहिलेली होती आणि टपालात कधी पडली नव्हती. हे पत्रकात नोंदवले, कारण अगदी साध्या दिसणाऱ्या निसर्गपुस्तकातही रचना असते, हे वाचकाला पहिल्याच टिपणात कळलेले बरे.

पहिला रकाना भरताना मन प्रसन्न झाले. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन छोटे वटवटे पक्षी व्हाइट यांनी मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले. ते तिन्ही आज स्वतंत्र जाती म्हणून मान्य आहेत. गांडुळांमुळे जमीन सच्छिद्र राहते आणि ती नसतील तर तिचा कस जाईल, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. डार्विन यांचे गांडुळांवरचे पुस्तक त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८१ मध्ये आले.

दुसऱ्या रकान्यात पाकोळ्या आहेत. हिवाळ्यात पाकोळ्या दूरदेशी जातात की कुठल्या तरी बिळात, कपारीत निपचित पडून राहतात, याचा निर्णय त्या काळी झालेला नव्हता. व्हाइट यांना स्थलांतर माहीत होते, तरी काही पाकोळ्या मागे राहून लपत असाव्यात ही शंका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांनी झुडपे आणि कपारी तपासून पाहिल्या आणि हाती काही लागले नाही, हेही तितक्याच सरळपणे लिहिले. सहकाऱ्याचे म्हणणे असे पडले की, ही चूक परिचयात घेऊ नये, लेखकाची किंमत कमी होईल. मी ती आग्रहाने ठेवली आहे. शोधूनही सापडले नाही असे लिहून ठेवणारा माणूस मला बरोबर निष्कर्षाइतकाच विश्वासाचा वाटतो. त्यांचे टिमथी नावाचे कासव ते नर समजत होते आणि पुढे कवचावरून ती मादी असल्याचे ठरले. ही बाब तिसऱ्या रकान्यात गेली.

१५ जानेवारी

अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचे ‘वॉल्डन’. हे पुस्तक यादीत असणारच होते, पण त्याच्याभोवती जी दंतकथा साचली आहे ती बाजूला सारायला दोन दिवस लागले. थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन नावाच्या तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेले आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी तिथून निघाले. झोपडी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब होती. ती घनदाट अरण्यात नव्हती, गावापासून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. पुस्तक १८५४ मध्ये आले, तोवर मजकुराचे सात खर्डे झाले होते, आणि दोन वर्षांचा काळ त्यांनी पुस्तकात एका वर्षाच्या ऋतुचक्रात बसवला आहे. हे सगळे पत्रकात मांडले. त्यांचे आधीचे पुस्तक १००० प्रती छापून काढले होते. त्यांतल्या ७०६ न खपता लेखकाच्या घरी परत आल्या होत्या. आजची त्यांची ख्याती पाहता ही संख्या वाचकापुढे ठेवण्याजोगी आहे.

मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग तळ्याची खोली मोजण्याचा वाटतो. त्या तळ्याला तळच नाही, असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले होते आणि कोणी दोरी टाकून पाहिली नव्हती. थोरो यांनी १८४६ च्या सुरुवातीला, बर्फ वितळण्यापूर्वी, शंभराहून अधिक ठिकाणी दोरी सोडून तळे मोजले. सर्वाधिक खोली १०२ फूट निघाली. आधुनिक मोजमापही त्याच्या अगदी जवळचे आहे. साधन म्हणजे मासेमारीची दोरी आणि सुमारे दीड पौंड वजनाचा दगड. दगड तळावरून सुटला की नाही, हे हाताला कसे कळते तेही ते सांगतात: तळाशी टेकलेला दगड उचलताना आधी जास्त जोर लागतो, कारण त्याच्याखाली पाणी शिरून त्याला उचलायला मदत करायला थोडा वेळ जातो.

हे वाचून आज दुपारी मी एका विहिरीवर गेलो. सुतळीला दर हाताला गाठ मारली, टोकाला साधारण तेवढ्याच वजनाचा दगड बांधला आणि सोडला. दगड पाण्यात शिरताच ओढ हलकी झाली, सतराव्या गाठीनंतर सुतळी सैल पडली. आणि वर घेताना खरोखरच पहिल्या क्षणी तो चिकटल्यासारखा अडला, मग एकदम सुटला. विहिरीच्या तळाला गाळ असल्यामुळे तो अडणे जास्तच जाणवले असणार, हे बाईंनी लगेच लक्षात आणून दिले. तरी त्या एका झटक्याने मला पटले की, हे वाक्य टेबलाशी बसून सुचलेले नाही. पत्रकाच्या पहिल्या रकान्यात ते घातले.

२२ जानेवारी

पक्षी ओळखण्याच्या मार्गदर्शिकांना ‘वाचायचे पुस्तक’ मानायचे का, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी रॉजर टोरी पीटरसन यांची १९३४ ची मार्गदर्शिका घेतली. कित्येक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर २००० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली आणि ती आठवड्याभरात संपली. चित्रातल्या पक्ष्याच्या नेमक्या खुणेकडे, म्हणजे पंखावरच्या पट्टीकडे, डोळ्याभोवतीच्या कड्याकडे, शेपटीच्या कडेकडे छोटी रेघ ओढून दाखवायची, ही तिची युक्ती. त्याआधी पक्ष्याची खात्रीलायक ओळख पटवायची तर पुष्कळदा तो मारून हातात घ्यावा लागे. दुर्बीण आणि अशी मार्गदर्शिका एकत्र आल्यावर सामान्य माणूसही जिवंत पक्ष्याकडे बघून त्याचे नाव सांगू लागला. एवढा बदल घडवणाऱ्या पुस्तकाला वगळणे योग्य झाले नसते.

३० जानेवारी

रेचल कार्सन यांच्यासाठी पूर्ण आठवडा दिला आणि तो कमी पडला. त्या सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या. ‘द सी अराउंड अस’ हे १९५१ चे पुस्तक ८६ आठवडे खपाच्या यादीत होते, म्हणजे कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहायला घेतले तेव्हा त्यांना वाचक मिळवायचे नव्हते. होते ते वाचक एका अप्रिय विषयाकडे न्यायचे होते. ‘सायलेंट स्प्रिंग’ आधी १९६२ च्या उन्हाळ्यात साप्ताहिकातून क्रमशः आले आणि सप्टेंबरमध्ये पुस्तकरूपाने निघाले. कीटकनाशक उद्योगाकडून कडाडून विरोध झाला. मे १९६३ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने पुस्तकातल्या चिंतेला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. आणि एप्रिल १९६४ मध्ये कार्सन कर्करोगाने वारल्या. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी या कीटकनाशकाच्या वापरावर बंदी आली ती १९७२ मध्ये.

परिचयात कुठले एक उदाहरण द्यावे, यावर मी क्लिअर लेक या कॅलिफोर्नियातल्या तलावाची हकीकत निवडली. तिथे मासे पकडायला येणाऱ्या लोकांना त्रास देणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटांसाठी डीडीटीचा भाऊबंद असलेले डीडीडी हे रसायन पाण्यात सोडले. पहिल्यांदा, १९४९ मध्ये, पाण्याच्या ७ कोटी भागांत रसायनाचा १ भाग होता; १९५४ मध्ये ते प्रमाण ५ कोटींत १ केले. हे इतके विरळ होते की कोणाला काळजीचे कारण दिसले नसावे. पण पुढे तलावावरचे बुडी मारणारे ग्रीब पक्षी मरू लागले, आणि तपासणीत त्यांच्या चरबीत त्या रसायनाचे प्रमाण दशलक्ष भागांत १६०० इतके सापडले. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत ते दशलक्षात सुमारे ५ होते. सूक्ष्मजीव खाणाऱ्या माशांत ते वाढत गेले, मासे खाणाऱ्या माशांत आणखी वाढले, आणि माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांत त्याने कळस गाठला. रसायन पाण्यात टिकत नव्हते, चरबीत टिकत होते, आणि प्रत्येक खाणारा आपल्या भक्ष्यांच्या अंगातला साठा स्वतःच्या अंगात जमा करत होता. बाईंनी हा परिच्छेद तीनदा वाचून दोन वाक्ये सरळ करून दिली.

या पुस्तकाचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहतो, हे लिहिताना मी थोडा थबकलो. कार्सन क्लिअर लेकच्या काठी बसलेल्या नव्हत्या. त्यांनी दुसऱ्यांचे अहवाल, शास्त्रीय निबंध आणि पत्रे वाचून हे पुस्तक उभे केले. आमच्या पत्रकाच्या हिशेबाने ते दुसऱ्या रकान्यातले पुस्तक ठरते. पण त्यांनी आधारांची लांबलचक यादी पुस्तकाच्या शेवटी देऊन प्रत्येक विधानाची वाट मोकळी ठेवली, त्यामुळे विरोधकांना भांडायचे तर त्या अहवालांशीच भांडावे लागले. दुसरा रकाना म्हणजे कमी प्रतीचा रकाना, ही माझी समजूत इथे गळाली. रकान्याच्या मथळ्याखाली ‘आधार दिला आहे का’ असा एक उपप्रश्न वाढवला.

६ फेब्रुवारी

कार्सन यांच्या टिपणात माझ्याकडून एक गंभीर चूक झाली होती आणि ती आज मुद्रितात सापडली. ‘डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात हे या पुस्तकाने दाखवून दिले’ असे मी लिहिले होते. कवचे पातळ झाल्याचा शोध डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधल्या संग्रहांतली जुनी आणि नवी अंडी मोजून, तोलून १९६७ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे पुस्तकानंतर ५ वर्षांनी. कार्सन यांनी गरुडांची पिले कमी होत असल्याचे लिहिले होते, कारणाची ही कडी त्यांच्या हाती नव्हती. मी ही गोष्ट कुठे वाचली ते आठवत नाही. ती इतक्या ठिकाणी सांगितली जाते की खरीच वाटते. वाक्य काढले आणि शोध तिसऱ्या रकान्यात नेला.

त्याच रकान्यात आणखी एक खुलासा घातला. कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर सरसकट बंदी मागितली, असा आरोप अजून होतो. त्यांचा आक्षेप बेसुमार आणि न कळत्या वापरावर होता, आणि बेसुमार फवारणीने कीटकांतच प्रतिकारशक्ती तयार होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातही रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी डीडीटीच्या मर्यादित वापराला वाव ठेवलेला आहे.

१४ फेब्रुवारी

आल्डो लिओपोल्ड, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’. लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात नदीकाठची एक झिजलेली, सोडून दिलेली शेतजमीन घेतली, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची राहण्याजोगी झोपडी केली आणि कुटुंबासह तिथे हजारो झाडे लावली. प्रकाशकाने पुस्तक स्वीकारल्याचे कळल्यानंतर आठवड्याभरातच, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेजारच्या जमिनीवरचा वणवा विझवताना त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक १९४९ मध्ये निघाले. पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर असा महिन्यांनी बांधलेला आहे. मराठी वाचकाला ही बांधणी परकी वाटणार नाही, कारण दुर्गा भागवत यांचे १९५६ चे ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून अशीच महिन्यामहिन्याने वाट चालते. दोन्ही पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी वर्षभर एकाच झाडाकडे परत परत बघणाऱ्या माणसाला महिन्यांची चौकट आपोआप सुचत असावी, असे मला वाटते.

त्यांच्या एका लेखात विजेने मेलेला ओक करवतीने कापताना करवतीचे पाते एकेका वर्षाच्या वलयातून मागे मागे जाते, आणि त्या त्या वर्षी जंगलाचे, पक्ष्यांचे, कायद्यांचे काय झाले ते लेखक सांगत जातो. झाडाची सुमारे ८० वलये आहेत. गोष्ट १८६५ पर्यंत मागे पोहोचते. ही कल्पना समजून घ्यायला मी आणि बाईंनी एका सागाच्या ओंडक्यावर बसून वलये मोजली. सागात ती स्पष्ट दिसतात, कारण कोरड्या ऋतूत पाने गाळून झाडाची वाढ थांबते आणि नव्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रेघ उमटते. आंब्यासारख्या सदाहरित झाडात अशी खात्री देता येत नाही. आधी कापडाने पृष्ठभाग ओला केला, तशी रेषा गडद झाल्या. दर दहा वलयांवर टाचणी टोचली. माझी मोजणी ४१ आली, बाईंची ४३. पुन्हा मोजले तेव्हा सालीजवळच्या तीन वलयांत माझी गफलत झालेली आढळली. ती इतकी अरुंद होती की नखाच्या जाडीत दोन मावत होती. त्या वर्षी झाडाला पाणी कमी मिळाले असेल, शेजारच्या झाडाने सावली धरली असेल किंवा किडीने पाने खाल्ली असतील. ओंडका वर्ष दाखवतो, त्याचे कारण दाखवत नाही. लिओपोल्ड यांनी कारणे दुसऱ्या नोंदींतून आणून वलयांशेजारी ठेवली आहेत आणि तिथेच त्यांचे कसब आहे.

२० फेब्रुवारी

फ्रेंच लेखक जाँ जिओनो यांची झाडे लावणाऱ्या मेंढपाळाची कथा ‘खऱ्या घडलेल्या’ पुस्तकांत लागली होती. सहकाऱ्याने ती लहानपणापासून खरी म्हणूनच वाचली होती आणि त्यात त्याचा दोष नाही. १९५३ मध्ये एका अमेरिकी मासिकाने, पाहिलेल्या सर्वांत अविस्मरणीय माणसाबद्दल लिहा, असे सांगितल्यावर जिओनो यांनी ती पाठवली. मासिकाने चौकशी केली, तसा माणूस नाही हे कळल्यावर मजकूर नाकारला. पुढे १९५७ च्या एका पत्रात लेखकाने स्वतःच, पात्र कल्पित आहे आणि लोकांना झाडे लावणे आवडावे हा आपला हेतू होता, असे सांगितले. कथा काढून टाकावी असे मला वाटत नाही. तिच्यामुळे कितीतरी लोकांनी झाडे लावली असतील. पण पत्रकाच्या पहिल्या रकान्यात ‘काही नाही’ असे स्वच्छ लिहिले आणि तिच्यासाठी ‘कल्पित’ असा वेगळा विभाग केला.

२७ फेब्रुवारी

सर्वांत अवघड टिपण आज पुरे झाले. पीटर वोहलेबेन या जर्मन वनपालाचे झाडांच्या गुप्त जीवनावरचे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि जगभर खपले. झाडे एकमेकांशी बोलतात, आई आपल्या रोपांना खाऊ घालते, अशी त्याची भाषा आहे. यामागचा एक पाया म्हणजे सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा निबंध. त्यांनी कार्बनची खूण केलेली समस्थानिके, म्हणजे वजनाने वेगळे आणि म्हणून माग काढता येणारे कार्बनचे अणू, वापरून बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बन इकडून तिकडे जातो आणि सावलीतल्या फरला तो निव्वळ जास्त मिळतो, हे जंगलात दाखवले. बुरशीचे धागे मुळांना जोडलेले असतात हे निश्चित आहे. मात्र २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे पुरावे तपासून असे मांडले की, अशी जाळी जंगलात किती पसरलेली असतात, त्यांतून रोपांना खरोखर फायदा होतो का, आणि मोठी झाडे आपल्याच संततीला झुकते माप देतात का, याबद्दलचे लोकप्रिय दावे उपलब्ध पुराव्यांच्या पुढे गेले आहेत.

बाईंचे मत होते की पुस्तक वगळावे. मी दोन दिवस विचार केला. हे पुस्तक वाचून लोक जंगलात जाऊन वाकून माती बघू लागले, ही लहान गोष्ट नाही, आणि लेखकाने आयुष्याची कित्येक वर्षे जंगलात काढली आहेत, त्यामुळे पहिला रकानाही रिकामा नाही. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. ‘आई’ म्हटले की वाचकाच्या मनात माया येते, आणि माया आली की पुरावा मागायला संकोच वाटतो. झाडाचे झाडपण आपल्या नात्यांच्या शब्दांत बसत नाही, म्हणून ते कमी होत नाही. उलट मेंदू नसताना, जागेवरून हलता येत नसताना एवढा व्यवहार चालतो, हेच मुळात अधिक आश्चर्याचे आहे. पुस्तक ठेवले, तिसरा रकाना सर्वांत लांब केला, आणि बाईंनी त्याखाली स्वतःच्या हस्ताक्षरात संमती दिली.

५ मार्च

आज तीन पुस्तके आटोपली. जिम कॉर्बेट यांचे १९४४ चे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पुस्तक शिकारकथा म्हणून वाचले जाते. मला त्यातली मारल्यानंतरची तपासणी महत्त्वाची वाटते. ४३६ माणसांचे बळी जिच्या नावावर नोंदले होते त्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते, आणि त्यामुळे ती नेहमीची शिकार करू शकत नव्हती, हे कॉर्बेट जबडा पाहून सांगतात. वाघ माणसाकडे का वळतो, याचे उत्तर ते जखमेत शोधतात.

जे. ए. बेकर यांचे ‘द पेरेग्रिन’ (१९६७) दहा वर्षांचे ससाण्यामागचे फिरणे एका हिवाळ्यात गोळा करते, थोरो यांच्यासारखेच. कीटकनाशकांनी ससाणे नाहीसे होत असतानाच हे लिहिले गेले, त्यामुळे ६ फेब्रुवारीच्या नोंदीशी जोडून घेतले. पीटर मॅथिएसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ तारीखवार नोंदींचे आहे: १९७३ मध्ये ते प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर नेपाळच्या डोल्पो भागात गेले, शॅलर यांना भरल हा प्राणी मेंढीला जवळचा की बकरीला, हे ठरवायचे होते. उत्तर बकरीच्या बाजूने झुकले. हिमबिबट्या लेखकाला दिसला नाही, आणि पुस्तकाचे नाव तरीही तेच आहे.

१८ मार्च

यादी पुन्हा पाहिली तेव्हा तिच्यात बहुतेक पुरुष आणि बहुतेक दोन-तीन देशांतले लेखक आहेत, हे डोळ्यांत खुपले. नॅन शेपर्ड यांचे ‘द लिव्हिंग माउंटन’ घेतले. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांवरचे हे पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून झाले, एका नकारानंतर खणात पडून राहिले आणि १९७७ मध्ये छापले गेले. प्रकरणे शिखरांच्या क्रमाने नाहीत. पठार, पाणी, बर्फ, हवा, वनस्पती, झोप, इंद्रिये अशी आहेत. निवळशंख पाण्यातून चालत असताना पायाखालचा कट्टा संपतो आणि एकदम खाली खोल तळ दिसतो, तो प्रसंग त्या अशा सांगतात की वाचताना पाय आखडतात.

रॉबिन वॉल किमरर यांचे ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ (२०१३) हेही घेतले. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि पोटावाटोमी या मूळनिवासी समाजाच्या आहेत. सुगंधी गवत हाताने कापून घेतले तर ते कमी होते का, याचा त्यांच्या विद्यार्थिनीने केलेला प्रयोग पुस्तकात आहे. टोपल्या विणणाऱ्या बायका आधीपासून सांगत होत्या तेच निघाले: मर्यादेत कापलेले गवत जोमाने फुटले आणि न कापलेले कमजोर झाले. दुसऱ्या रकान्यातली ऐकीव माहिती प्रयोगाने पहिल्या रकान्यात येते, याचे यादीतले हे एकमेव उदाहरण आहे. छोट्या प्रकाशनसंस्थेचे हे पुस्तक खपाच्या यादीत पोहोचायला २०२० उजाडले.

२६ मार्च

थोरो आणि लिओपोल्ड यांची पत्रके आज शेजारी ठेवून दुरुस्त केली. दोघांचेही तिसरे रकाने अपुरे होते. थोरो यांनी १८५२ ते १८५८ या काळात आपल्या परिसरात कुठले फूल कधी पहिल्यांदा उमलले याच्या तारखा लिहून ठेवल्या, आणि लिओपोल्ड यांनी १९३५ ते १९४५ या काळात झोपडीभोवती तेच केले. या तारखा त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकांत नाहीत. त्या वह्यांत आणि तक्त्यांत होत्या. २०१३ मध्ये संशोधकांनी त्या बाहेर काढून २०१० आणि २०१२ या अतिशय उष्ण वसंतांशी ताडून पाहिल्या, तेव्हा फुले तोवरच्या नोंदींत सर्वांत लवकर उमलल्याचे दिसले; थोरो यांच्या गावाभोवती हा फरक जवळजवळ ३ आठवड्यांचा होता. त्याआधी २००८ च्या अभ्यासात, थोरो यांनी पाहिलेल्या वनस्पतींपैकी सुमारे २७ टक्के जाती त्या परिसरातून नाहीशा झाल्याचे आढळले होते. तापमानवाढ हा शब्द थोरो यांना माहीत नव्हता. त्यांनी फक्त फूल, जागा आणि तारीख लिहिली होती.

यानंतर पुस्तिकेची मांडणी बदलायचे ठरले. शेवटी ‘अधिक वाचनासाठी’ म्हणून आणखी नावांची यादी द्यायची होती. ती पाने काढून तिथे तारीख, वेळ, जागा, काय पाहिले आणि काय शोधूनही सापडले नाही, असे पाच रकाने आखलेली कोरी पाने घालायची आहेत. पाचवा रकाना व्हाइट यांच्यामुळे सुचला.

२ एप्रिल

अंतिम मुद्रिते आली. १४ पुस्तके राहिली. पीटरसन यांच्या टिपणात ‘कडे’ऐवजी ‘कढे’ पडले आहे, ते दुरुस्त केले. क्लिअर लेकच्या आकड्यांत एक शून्य जास्त छापले गेले होते. बाईंनी ते पकडले नसते तर १६०० चे १६००० झाले असते. कोऱ्या पानांचा कागद शाई शोषणारा निघाला, पेन्सिलीने नीट लिहिता येते पण पेनाची शाई पसरते, म्हणून जाड कागद मागवला आहे. शेपर्ड यांचे टिपण मला अजून समाधानकारक वाटत नाही. त्यांच्या पुस्तकाचा तिसरा रकाना मी ‘काही नाही’ असा सोडला होता, पण डोंगरावर बर्फ किती महिने टिकतो याचे त्यांचे वर्णन आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय ते दोन शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही. तेवढे एक पान छपाईला द्यायचे थांबवले आहे.